शाकाहारी तेल

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मला दोन सूचना मिळाल्या. एक, ओढणी घालायची नाही. ओढणी लेथमध्ये जाते आणि तिच्या मागोमाग मुलगी जाते. दोन, जेवायच्या आधी हात दोनदा साबणाने धुवायचे, आणि तरीही भाताला तेलाचा वास आला तर गुपचूप जेवायचं. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापूरची, डिप्लोमा मेकॅनिकल, वय बावीस. कारखान्यात पंचेचाळीस पुरुष आणि मी. बायकांसाठी संडास नव्हता. मालकांनी माझ्यासाठी ऑफिसातल्या त्यांच्या खाजगी संडासाची किल्ली दिली आणि मोटारीची किल्ली दिल्यासारखा चेहरा केला.

एका मोठ्या कंपनीसाठी आम्ही मोटारींचे शाफ्ट आणि पिना बनवायचो. लोखंड कापताना तापतं, म्हणून त्यावर सतत एका दुधाळ पाण्याची धार सोडतात. त्याला कूलंट म्हणायचं. दिसायला ताक, असायला पेट्रोलच्या घराण्यातलं तेल, पाण्यात कालवलेलं. ते मशीनच्या पोटातल्या टाकीत राहतं, पंपाने वर चढतं, कामावर पडतं आणि परत खाली जातं. जाता जाता लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या हातावरून जातं, दिवसाचे आठ तास. हातमोजे घालता येत नाहीत, कारण फिरत्या कामात मोजा अडकला तर बोटं मोज्यातच राहतात. तेव्हा कातडीने काय ते सोसायचं.

सगळ्यात जास्त सोसलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टर्नर. सव्वीस वर्षं एकाच लेथवर. बाकीच्यांकडे बटणं दाबायची नवीन मशीनं आली होती, पण जिथे काम मापात बसत नसे तिथे ते अण्णांच्या जुन्या लेथवर यायचं. ते चाकावर बोट ठेवायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि केसाच्या दहाव्या भागाइतकं लोखंड काढून दाखवायचे. तमिळ पोरं त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. आमच्याकडेही तो शब्द चालतोच.

तिसऱ्या दिवशी ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तूं मराठी कीं गा? कोठची?"

मी चाट पडले. अण्णा तंजावरकडचे मराठी निघाले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी खाली आले आणि येताना जी भाषा आणली ती त्यांनी लोणच्यासारखी भरून ठेवली, वरून तमिळ फोडणी देऊन. त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं. माझं त्यांना पाऊण कळायचं आणि उरलेलं पाव त्यांना अशुद्ध वाटायचं. "तुम्हां लोकांनी मराठी नासविली," असं ते मला अगदी प्रेमाने सांगायचे. सगळ्याला अस्कं, सगळ्यांना अस्के, स्वयंपाकघराला भानवस म्हणायचे आणि मी स्वयंपाकघर म्हटलं की दया आल्यासारखे बघायचे.

या माणसाचे हात बघवत नव्हते. बोटांच्या पेरांवर भेगा, दोन बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, मनगटापर्यंत पुरळ. कामावर उभं राहताना ते जुन्या धोतराच्या चिंध्या मनगटांपुरत्या गुंडाळायचे, त्या अर्ध्या तासात कूलंटने भिजायच्या. डॉक्टर म्हणाले होते, तेल सोडा. बायको म्हणायची, खोबरेल लावा. हे म्हणजे आगीत हात ठेवून वर फुंकर मारण्यातला प्रकार. पण सगळ्यात वाईट जेवताना. चिंचेचं रसम भेगांत गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून अण्णा चमच्याने जेवायचे. केळीच्या पानावर चमचा घेऊन बसलेला तो पंचावन्न वर्षांचा माणूस असा दिसायचा की जणू कुणीतरी त्याला शिक्षा केली आहे. ते सगळ्यांकडे पाठ करून बसायचे.

आमचे मालक, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणायचे, भक्त माणूस. कपाळावर तीन पट्टे, टेबलावर चार देव, आणि पगाराच्या दिवशी नेमके देवदर्शनाला बाहेर. त्यांनी अण्णांना सांगून ठेवलं होतं, "मोठ्या कंपनीची माणसं मशीन-शॉप बघायला येतात. तुमचे हात बघून त्यांना बरं वाटत नाही. पोंगलनंतर तुम्ही गेटवर बसा. खुर्ची देतो, पंखा देतो." अण्णांची नोकरीची चार वर्षं उरली होती. ती लेथवर काढायची की गेटवर, एवढाच प्रश्न होता. त्यांच्या लेखी तो जगण्यामरण्याचा होता, आणि त्यांच्या शेजारी दोन महिने उभं राहिल्यावर माझ्याही लेखी झाला.

त्याच सुमारास मोठ्या कंपनीकडून पत्रक आलं. पुरवठादारांनी पेट्रोलियमपासून बनलेल्या वस्तूंचा वापर कमी करावा, वनस्पतीजन्य पर्याय आणावेत, तसं केल्यास मूल्यांकनात जादा गुण. मुदलाळींनी ते मला वाचायला लावलं. मग जरा विचार करून म्हणाले, "तू शाकाहारी ना, मा? मग हे वनस्पतीचं खातं तूच बघ." तिकडे कुठल्याही मुलीला मा म्हणतात.

मी पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली मुलगी. लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये मटण मिळत नव्हतं म्हणून दहीभात खात होते, आणि तो डबा बघून यांनी माझं सोवळं ठरवलं होतं. पण नोकरीत नवीन माणसाने मालकाचा गैरसमज दूर करू नये. मी खातं घेतलं.

पहिले आठ दिवस मी नुसती यादी करत होते. ग्रीस, पॅकिंगचा फोम, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गंज रोखायचं तेल. एकेका वस्तूच्या मुळाशी जावं तर पुन्हा तीच जमिनीतली काळी विहीर. एवढा मोठा कारखाना आणि त्यात झाडापासून आलेली वस्तू म्हणजे झाडू. मग माझी नजर अण्णांच्या हातांकडे गेली आणि मी यादी बंद केली. कूलंट बदलायचं ठरवलं.

एक विक्रेता सापडला. एरंडी आणि करंज यांच्यापासून बनवलेलं कूलंट विकायचा. तो मुदलाळींच्या केबिनमध्ये आला, बाटली उघडली, बोट बुडवलं आणि सगळ्यांदेखत चाटलं. म्हणाला, "सर, तुमच्या आत्ताच्या तेलाचं असं करून दाखवा." मुदलाळी भारावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पण बघ मा." तेव्हा नोकरीच्या इमानापोटी मी ते तेल चाटलेलं आहे. चवीला लहानपणचं एरंडेल, वर साबण. दोन दिवस मी बिनधास्त संडासाची किल्ली खिशात ठेवून फिरत होते.

महाग असल्यामुळे एकाच मशीनवर तीन महिने चाचणी करायची असं ठरलं. कुठल्या मशीनवर, हे मीच ठरवलं. अण्णांच्या लेथची टाकी आम्ही सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. तळाशी काळी राड इतकी होती की खरवडायला उलथनं लागलं. मुदलाळींनी नवीन तेलाचा पिंप हिरवा रंगवून घेतला. लेथच्या पायांनाही हिरवा पट्टा मारला. उरलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून गेटजवळच्या कुंड्यांनाही मारला, आणि मोठ्या कंपनीच्या माणसांना आधी त्या कुंड्याच दाखवल्या.

नवीन तेल चालू झालं आणि शॉपमध्ये वड्याचा वास सुटला. लोखंड तापलं, तेल तापलं, की अगदी घाणा घातल्यासारखं. सकाळी अकराला सगळ्यांना भूक लागायला लागली. शेजारच्या मशीनवरचे टर्नर येऊन विचारायचे, आज बटाटा की मेदू. मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागे पाली आल्या. लेथच्या खाली एक मांजर राहायला आली, तिला मुदलाळींनी पर्यावरणाच्या खात्यात धरलं.

पण हात सुधारायला लागले. पहिल्या दोन आठवड्यांत पुरळ बसलं. महिन्याने भेगा भरून आल्या. लोखंड कापायचं हत्यारसुद्धा जास्त टिकत होतं. मी वहीत रोज मोजून लिहीत होते. आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत अण्णा नेहमीच्या कोपऱ्यात न जाता आमच्या गोलात येऊन बसले. डबा उघडला. चमचा काढलाच नाही. रसमभात हाताने कालवला, पाचही बोटांनी, सावकाश, आणि पहिला घास तोंडात घालून तसेच बसून राहिले. मला इतकं भरून आलं की मी उठून पाणी प्यायला गेले.

संध्याकाळी हात पुसताना ते म्हणाले, "पोंगलानंतर मी गेटावर जाईना. मुदलाळीस सांगितलों." मुदलाळीही कबूल झाले होते. हात असेच राहिले तर लेथ तुमचा, असं त्यांनी टेबलावरच्या देवांसमोर सांगितलं होतं.

मग आली खंडेनवमी. तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात आणि अंबत्तूरमध्ये तो दिवाळीच्या वरचा सण. आदल्या दिवशी सगळी मशीनं पुसून चकचकीत, प्रत्येकाला गंध, कुंकू, झेंडूची माळ, पुढे चुरमुरे, डाळं, गूळ, केळी. आमच्या मशीनांचा जेवढा थाट त्या दिवशी असायचा तेवढा माणसांचा वर्षभर नसायचा. मुदलाळींनी आरती केली, गेटवर कोहळा फोडला, सगळ्यांना चुरमुऱ्यांच्या पिशव्या वाटल्या आणि कारखाना चार दिवस बंद झाला. सुट्टीला रविवार जोडून आला होता. मी हॉस्टेलच्या मुलींबरोबर टी. नगरच्या बाजारात जाऊन गर्दीत एक चप्पल हरवून आले.

पाचव्या दिवशी शटर वर केलं आणि पहिली रांग मागे सरली. दोघे-तिघे बाहेर जाऊन ओकले. वड्याचा वास गेला होता. त्या जागी काय होतं ते सांगायला मराठीत शब्द आहेत, पण माझ्या आईच्या हातात हे पडेल. अण्णांच्या लेथच्या टाकीवर बोटभर जाडीची साय होती आणि ती हळूहळू बुडबुडे सोडत होती. मांजरसुद्धा निघून गेली होती.

मी नाकाला रुमाल बांधून टाकी उपसायला बसले. असं कूलंट बंद राहिलं तर थोडं बिघडतं, हे मला माहीत होतं; जुनं पण बिघडायचं. पण चार दिवसांत एवढं नाही. गाळणी काढली. लोखंडाच्या किसात काहीतरी मऊ होतं. बघते तर बेदाणे. चांगले टम्म फुगलेले सहा-सात बेदाणे, केळ्याच्या दोन चकत्या आणि तुळशीचं पान. कूलंट बिघडण्याची कारणं मी पुस्तकातून पाठ केली होती, त्यात बेदाणा कुठेच नव्हता.

मी ते कागदात गुंडाळून अण्णांकडे गेले. हळूच विचारलं, "अण्णा, हे काय?"

त्यांनी बघितलं आणि चेहरा फुलला. "पंचामृत. घरूनच केलें होतें. दूध, दही, मध, साखर, अस्कं. सव्वीस वर्षें या लेथाला घासलेट कुळींतलें तेल पाजिलें. त्यांत देवाचें काय घालावें? हात लावितांना मन धजेना. औंदा त्याला खायचें तेल आलें. माझे हात बरे केले त्यानें. मीं खाऊं आणि त्याला नको? वाटीभर घातलें पोटांत. अस्के गेल्यावर घातलें."

दुधाळ कूलंटमध्ये दूध. कुणाला दिसणार? मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या तेलात जंतूंना खायला फारसं काही नसतं आणि वर विष असतं. ह्यात तुम्ही त्यांना साखर, दूध, मध वाढलंत, वर चार दिवस पंप बंद ठेवून झोपायला निवांत जागा दिलीत. नासलं ते तुमच्या पंचामृताने, तेलाने नाही. मला हे बरंच हळुवार सांगता आलं असतं. पण मला तिरमिरी आली होती, तीन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं आणि त्या वासाने डोकं उठलं होतं. मी म्हणाले, "अण्णा, देवाचं करायचं तर देवळात करायचं. टाकीत कोण करतं?"

ते हात बघत राहिले. मग टोपी घातली आणि सरळ मुदलाळींच्या केबिनकडे चालायला लागले. मी मागे धावले. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, टाकी धुऊन तेल बदलायचं आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. पण असल्या माणसांना लपवाछपवी जमत नाही. त्यांनी दारातच उभं राहून तमिळमध्ये सगळं सांगितलं. चूक माझी, तेलाची नाही, नवीन भरा, पैसे माझ्या पगारातून कापा.

मला वाटलं मुदलाळी भडकतील. ते अजिबात भडकले नाहीत. पंचामृत हा शब्द ऐकल्यावर त्यांनी आधी हात जोडले. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "प्रसादाने कधी काही नासतं का? ज्या तेलाला देवाचा प्रसाद पचत नाही, त्या तेलातच खोट आहे."

मी म्हणाले, सर, ते जंतूंमुळे आहे. दोन दिवसांत टाकी धुऊन देते. हत्यार जास्त टिकतंय, माझ्याकडे वही आहे. अण्णांचे हात बघा.

"तुझी वही खरी की प्रसाद खरा, मा?" त्यांनी विचारलं. यावर डिप्लोमात काही शिकवलेलं नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि गंमत अशी की तेही पेचात पडले होते. प्रसादाने नासलं, हे आत्ता त्यांनीच सांगितलं होतं, पण मालकाच्या तोंडून तो प्रश्न ऐकल्यावर त्यांनाच पाप केल्यासारखं वाटायला लागलं. पुन्हा तेच वाक्य उच्चारायला त्यांची जीभ रेटेना. ते मान खाली घालून बाहेर गेले.

मुदलाळी धार्मिक होते पण वेडे नव्हते. तेल महाग होतं आणि जादा गुण कुंड्यांवर मिळाले होते. त्यांनी मला समोर बसवून अहवाल सांगितला: सदर वनस्पतीजन्य तेल इथल्या हवामानाला योग्य नाही. मी तो टाइप केला. त्याच आठवड्यात माझं प्रोबेशन संपून नोकरी कायम व्हायची होती आणि ते पत्र त्यांच्या खणात होतं. त्यांनी खण उघडून मला ते दाखवलंही नाही. दाखवायची गरजच पडली नाही. मी सही केली.

मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की बावीस वर्षांच्या मुलीने परक्या गावात दुसरं काय करायचं. हे खरं आहे. पण मी भित्री होते, हेही खरं आहे. आणि दुसरं जास्त खरं आहे.

जुनं तेल परत आलं. त्याच हिरव्या पिंपात भरलं, रंग चांगला होता म्हणून. तीन आठवड्यांत अण्णांच्या बोटांवर भेगा उगवल्या. त्यांनी डब्यात पुन्हा चमचा आणायला सुरुवात केली आणि आमच्या गोलातून उठून कोपऱ्यात गेले. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रोज सकाळी विचारायचे, "जेवण जाहलें कीं?" आणि मी हो म्हणायचे, जाहलें नसलं तरी.

पोंगलनंतर ते गेटवर गेले. खुर्ची मिळाली. पंखा मिळाला नाही. आत येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद रजिस्टरमध्ये करायची, गाडीचा नंबर लिहायचा, गेट उघडायचं. जुना लेथ चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. दोघांनी प्रयत्न केला, दोघांनी काम वाया घालवलं. एप्रिलमध्ये मुदलाळींनी तो भंगारात काढला.

टेम्पो आला तेव्हा मी पास घेऊन गेटवर गेले. मोठा माल बाहेर जाताना ऑफिसच्या माणसाची सही लागायची. लेथ आडवा बांधला होता, टाकीतून जुनं दुधाळ तेल ठिपकत होतं आणि टेम्पोवाला घाई करत होता. अण्णांनी रजिस्टर उघडलं, पट्टीने रेघ मारली आणि लिहायला लागले. तारीख. गाडी नंबर. जुना लेथ, नग एक. सावकाश, ठसठशीत, वळणदार अक्षर. लेथवर असतानाचं त्यांचं अक्षर मला आठवत होतं, टाकीवर कामाचे नंबर लिहायचे तेव्हा कोंबडीचे पाय वाटायचे. मी बघतेय हे त्यांना कळलं.

त्यांनी पेन खाली ठेवून दोन्ही हात माझ्यासमोर धरले. तळवे, मग पालथे. एक भेग नाही, एक चट्टा नाही. तीन महिने तेलाला स्पर्श नव्हता ना.

"अस्के बरे जाहले," ते म्हणाले. "आतां अक्षरही बरें येतें."

मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं, आणि टेम्पो रुंद होता म्हणून गेटचं दुसरं दार उघडायला गेले.